आहेराच्या पिशवीवर नाव कुणाचं?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नसराई सुरू होते. सोयाबीन विकून आलेले पैसे तेव्हा घरात असतात, आणि ते कुठं कुठं जाणार हेही तोवर ठरलेलं असतं. मांडव, जेवण, सोनं यांचा हिशोब घरातली माणसं चार-चार वेळा करतात. मानपानाचा आहेर मात्र कुणी वहीत धरत नाही. लग्न आठ दिवसांवर आलं की कुणीतरी बाजारात जातं आणि टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा, खणांची थप्पी उधारीवर घेऊन येतं.

त्या खणांचं पुढं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पेटीत पडतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या ओटीत जातात. आमच्या गटातल्या एका वहिनींना तर स्वतः दिलेला खण तीन लग्नं फिरून परत मिळाला. कोपऱ्यावरच्या चहाच्या डागावरून त्यांनी तो ओळखला!

आमचा गट लोहा आणि अहमदपूर तालुक्यांच्या शिवेवरचा. निम्म्या जणींचं माहेर नांदेड जिल्ह्यात, निम्म्यांचं लातूरकडं. गेल्या लग्नसराईत गटातल्याच एका काकूंच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. थोरलीच्या लग्नात चाळीस मानकऱ्यांच्या टॉवेल-टोपी-खणाला त्यांचे सहा हजार गेले होते आणि ते फेडायला गटातूनच कर्ज काढावं लागलं होतं. या वेळी त्या बैठकीत म्हणाल्या, "माझ्याकडं जुन्या साड्या आहेत आणि तुम्ही आहात. काही होतंय का बघा." मग आम्ही चाळीस पिशव्या केल्या. करवल्या, पाठराखीण, मामा-मामी, वरमाय, व्याही, आत्या, सगळ्यांना एकेक, ज्याच्या त्याच्या नावाची. आज ते काम कसं केलं ते सांगतो.

साडी सुती घ्या. टेरिकॉटची घसरते, तिच्यावर टाका नीट बसत नाही. आधी साडी उजेडासमोर धरून बघा. जिथं कापड विरलंय आणि आरपार दिसतंय, तिथं खडूनं फुली मारा आणि तो भाग सोडा. साधी साडी साडेपाच मीटर, म्हणजे दोनशे सोळा इंच लांब आणि चव्वेचाळीस इंच रुंद धरा. एका पिशवीला पंधरा इंच रुंद आणि चौतीस इंच लांब तुकडा लागतो. तो मधोमध दुमडला की खालची शिवण वाचते. रुंदीत असे दोन तुकडे बसतात आणि लांबीत सहा, म्हणजे चांगल्या साडीत बारा पिशव्या. उरलेल्या चौदा इंची पट्टीत सगळे बंद निघतात. एक बंद चार इंच रुंद आणि वीस इंच लांब कापायचा आणि चौपदरी दुमडून शिवायचा. आमच्या साड्या वापरलेल्या होत्या, त्यामुळं एकीतून आठच पिशव्या निघाल्या. पाच साड्या लागल्या. आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं, म्हणजे वजनानं कापड फाटत नाही. काठ मात्र वाया घालवू नका. तो पिशवीच्या तोंडाशी आला की जुनी साडी जुनी वाटत नाही.

साड्या कुणाच्या, यावर आमच्यात थोडी कुरबुर झाली. जुनं नेसलेलं कापड आहेरात देणं बरं दिसत नाही, असं दोघींचं म्हणणं. आम्हाला ते पटलं नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी आपण नव्या बाळाच्या अंगावर घालतो, मग लग्नातच कमीपणा कसला? पण साडी स्वच्छ धुतलेली, कडक उन्हात वाळवलेली आणि इस्त्री केलेली हवी. वास आला की संपलं.

नावासाठी साखळी टाका सगळ्यात सोपा आणि उठून दिसणारा. अंगाच्या साबणाची उरलेली चिपटी घ्या, तिनं कापडावर नाव लिहा. ते धुतलं की जातं, पेनाची शाई जात नाही. अक्षर दोन इंचांपेक्षा लहान नको, जोडाक्षरं त्यात बुजतात. वेलांटी कुठली, उकार कुठला, हे नाव असलेल्या माणसालाच विचारा. लग्नपत्रिकेवरून उतरवू नका, पत्रिकेत चुका असतात.

आणि दोरा आधी भिजवा. आम्ही लाल दोऱ्यानं बारा नावं भरली आणि पिशव्या धुतल्या, तर सगळा रंग कापडावर पसरला. दुकानदारानं रंग पक्का म्हणून सांगितलं होतं. बारा नावं उसवून पुन्हा भरताना रात्रीचे दोन वाजले. ओला दोरा पांढऱ्या फडक्यात दाबून बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढी काढा.

आता खरी अडचण. नावं गोळा करायला बसलो तेव्हा पुरुषांची भराभर मिळाली. बायकांकडं आलो आणि गाडी अडली. वरमायेचं नाव काय? मुलीकडच्या कुणालाच माहीत नाही. मुलाकडं फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, "नवऱ्या मुलाची आई असं लिहा की." शेवटी आमच्यातल्या एकीनं थेट त्यांनाच फोन द्यायला सांगितला. त्या आधी हसल्या, मग नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "माहेरचं लिहिता का? सासरी आल्यावर बदललं होतं." आम्ही माहेरचं लिहिलं. लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असं कुठल्या कायद्यात नाही, हे त्या निमित्तानं आमच्या बैठकीतही निघालं. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावात आईचं नाव लिहावं लागतं. कागदावर आलं, पण लग्नघरात अजून विचारत नाहीत.

दुसरी अडचण आत्यांची. नवरीच्या आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. नवरीला त्यांनीच वाढवलं, पण मानाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. खण-नारळाची ओटी त्यांना भरत नाहीत, मग आहेरही नाही, असं चालत आलेलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, म्हणून तर कुणाला बोल लावता येत नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या गावात तसा ठराव झालेला नाही. पिशवीचं मात्र बरं असतं. तिला हळद-कुंकू लागत नाही, ती सवाष्णीची की कुणाची हे कुणी विचारत नाही. आम्ही एकेचाळिसावी पिशवी केली.

आत्यांना वाचता येत नाही. म्हणून अक्षरांच्या वर एक शेळी भरली, कारण त्यांच्या शेळ्या साऱ्या गावाला माहीत आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अशी खूण जरूर करा. कुणाचं जातं, कुणाची शिलाई मशीन, मामांचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला वेळ फार लागतो, आधीच सांगून ठेवतो. किनवट, माहूर, मुखेडकडच्या तांड्यांवर बंजारा बाया आरसे आणि कवड्यांचं काम फार सुरेख करतात. कुणाला तसं करून घ्यायचं असेल तर घ्या, पण त्यांचा दर त्यांना विचारा आणि तेवढा द्या.

आता आमच्या वहीतला खर्च. चाळीस पिशव्यांना शिवायचा दोरा १२० रुपये, भरतकामाचा २००. मशीनवर शिवायचे एका पिशवीला १५ रुपये, त्याचे ६००. नाव भरायचे २० रुपये, त्याचे ८००. एकूण १७२०, म्हणजे पिशवी ४३ रुपयांना पडली. यातले चौदाशे गटातल्याच बायकांच्या हातात गेले. काहीजणी म्हणाल्या, आपल्याच काकूंकडून मजुरी कशी घ्यायची? घ्यायची. हातानं केलं म्हणजे फुकट केलं, असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की पुढची ऑर्डर कुणी पैशानं देत नाही. एकेचाळिसावीचे पैसे मात्र आम्ही लावले नाहीत.

पिशवी रिकामी देऊ नये, म्हणून प्रत्येकीत काकूंच्या शेतातली पाव-पाव किलो तूरडाळ घातली. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या भागातल्या गटांनी आपला माल घालून तसं चिठ्ठीवर जरूर लिहावं. आम्ही लिहिलं नाही, कारण आमची डाळ बोरसुरीची नाही. दुसऱ्या गावाचं नाव आपल्या मालाला लावायचं नाही. डाळ चांगली वाळलेली हवी आणि पिशवीत आदल्या दिवशीच भरायची, आधी भरली तर किडे होतात.

वेळेचं सांगतो. आम्ही पंधरा दिवसांत उरकलं आणि त्यात हाल झाले. नऊजणी असाल तर महिनाभर आधी लागा. पहिला आठवडा साड्या गोळा करणं, धुणं आणि नावं विचारणं यातच जातो. नावांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. दोन पिशव्या बिननावाच्या जास्तीच्या ठेवा. मांडवात ऐन वेळी कुणीतरी मानाचं निघतंच. सुई-दोरा जवळ असेल तर तिथं बसून पहिलं अक्षर भरता येतं.

लग्नात आहेर वाटताना नावं एकेक करून पुकारली. वरमायेचं नाव पुकारलं तेव्हा त्यांचा मुलगा वळून बघू लागला, कोण म्हणून. आत्या मागं चुलीपाशी होत्या, त्यांना दोनदा हाक मारावी लागली. त्यांनी पिशवी घेतली, शेळी बघितली आणि डाळ तिथंच एका भांड्यात ओतून काढली. आता दर बाजाराला ती पिशवी त्यांच्या खांद्यावर असते. परवा एकीनं तसलीच मागितली, तर आत्यांनी तिला आमच्याकडं पाठवलं आणि वर बजावलं, "नाव भरायचे वीस रुपये वेगळे लागतात."