परसातील कोंबडीपालनाची सुरुवात
घरगुती कोंबडीपालनाचा आरंभ विकतच्या पिल्लांऐवजी खुडूक कोंबडीपासून, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवण्यास बसलेल्या कोंबडीपासून, करणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण 21 दिवसांनी बाहेर पडणाऱ्या पिल्लांना ऊब तीच देते. विकतच्या पिल्लांसाठी मात्र पहिल्या आठवड्यात दिवा लावून सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते, आणि ती दिव्याखाली दाटी करू लागली की ऊब कमी पडते आहे असे समजावे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, या विषाणूजन्य रोगावर औषध नसल्याने डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून दिली जाणारी लासोटा लस पहिल्या आठवड्यातच द्यावी. खुराड्याच्या देखणेपणावरचा खर्च बहुधा व्यर्थच असतो. मुंगसाला शिरता येणार नाही अशी बारीक जाळी मात्र हवीच.