पिल्लू हाकेला का येत नाही?

सकाळी रंकाळ्याच्या काठाने फिरायला गेले की एक दृश्य हमखास दिसते. पाच-सहा महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू पुढे, त्याच्या गळपट्ट्याची दोरी ताणलेली, आणि दुसऱ्या टोकाला ओढला जाणारा मालक. वाटेत भेळेचा कागद दिसला की पिल्लू त्यावर झेप घेते. दोरी सुटली तर ते थेट रस्त्यापलीकडे धावते आणि हाकांना मुळीच दाद देत नाही. वाहत्या रस्त्यावर ही गोष्ट त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि एखाद्या दुचाकीस्वाराच्याही. अखेर ते हाती लागते तेव्हा पाठीत रट्टा मिळतो आणि निष्कर्ष निघतो : "हावरट आहे, काही शिकतच नाही."

यातला पहिला भाग खरा असेलही. दुसरा मात्र खरा नाही. पिल्लू रोज शिकतेच आहे. आपण त्याला काय शिकवतो, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना कोल्हापूरचीच एक जुनी गोष्ट उपयोगी पडते.

चित्तेवानाची पळी

कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करण्याची परंपरा होती. हिंदुस्थानातील चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. त्यांना माणसाळवणारे ते चित्तेवान. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवर बसवून कळपाजवळ नेत आणि तेथे टोपी काढून त्याला सोडत. काही क्षणांत शिकार होई आणि चित्ता काळविटाचा गळा धरून बसे.

आता त्याला तेथून हलवायचे कसे? ओढून किंवा मारून हे साधण्यासारखे नव्हते. चित्तेवान जवळ जाऊन लाकडी पळीत रक्त किंवा मांसाचा तुकडा त्याच्या तोंडापुढे धरी. चित्ता त्यात गुंतला की टोपी पुन्हा डोळ्यांवर येई आणि तो निमूटपणे गाडीवर परते. हाती असलेली वस्तू सोडली की दुसरी नक्की मिळते, हा त्याचा अनुभव होता.

अशा शिकारीला आज कायद्याने बंदी आहे, आणि चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. पण भुकेला शत्रू न मानता तिलाच दोरी बनवण्याची चित्तेवानांची युक्ती आजही तितकीच खरी आहे.

परिणामाचा नियम

या युक्तीमागचे शास्त्र प्रयोगाने दाखवले ते एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत भुकेल्या मांजराला पेटीत कोंडून बाहेर अन्न ठेवले जाई. मांजर धडपडे, ओरबाडे. त्यात चुकून खटका दाबला जाऊन दार उघडे. पुन्हापुन्हा कोंडल्यावर सुटकेला लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती पक्की होते. हाच 'परिणामाचा नियम'.

हा नियम आपल्या पिल्लाला लावून पाहू. त्याने दोरी ओढली, आपण दोन पावले पुढे गेलो, कागद मिळाला. ओढण्याचे बक्षीस आपणच दिले! म्हणून उपाय असा : दोरी ताणली की झाडासारखे उभे राहावे. झटका नको, ओरडणे नको. दोरी सैल झाली की लगेच चालू लागावे आणि पिल्लू पायाशेजारी असतानाच, पायाच्या जवळच, खाऊ द्यावा. पहिले काही दिवस शंभर पावलांना दहा मिनिटे लागतील. ती लागू द्यावीत.

खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा तुकडा चालतो; कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विषारी ठरू शकतात. बक्षीस कृतीनंतर एक-दोन सेकंदांत मिळायला हवे. उशीर झाला की ते भलत्याच कृतीला चिकटते.

हाकेचा अर्थ

'ये' हा पिल्लाच्या दृष्टीने निव्वळ आवाज आहे. त्याच्यामागून काय येते, त्यावरून त्याला अर्थ येतो. पावलोव्ह यांच्या प्रयोगांतील कुत्र्यांना अन्नाआधीची खूण कळली की लाळ सुटे. १९९७ साली वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मेंदूतील बाजू मांडली. माकडाला अनपेक्षित रस मिळाला की मेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या पेशी उत्तेजित होत. पुढे रसाआधी ठराविक खूण मिळू लागली, तेव्हा त्या पेशी रसाऐवजी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. आपली हाक ही अशी खूण व्हायला हवी.

प्रत्यक्षात आपण काय करतो? खेळ थांबवायचा असला, अंघोळ घालायची असली, साखळी अडकवायची असली की हाक मारतो. मग ती हाक सुखाची खूण न राहता धोक्याची घंटा होते. उशिरा आलेल्या पिल्लाला रट्टा घालणे तर सर्वांत वाईट. त्याच्या लेखी ती पळण्याची शिक्षा नसते, येण्याची असते.

सुरुवात घरातच, दोन पावलांवरून करावी. 'ये' म्हणावे, आले की खाऊ. मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून. मोकळ्या मैदानात आठ-दहा मीटरचा सुती दोर बांधून सराव करावा. हाक एकदाच मारावी. दहापैकी नऊ वेळा आलेल्या पिल्लाला खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडावे. हाक पक्की होईपर्यंत रस्त्याजवळ दोर सोडू नये, आणि लसीकरण पुरे होण्याआधी पिल्लाला बाहेर फिरवू नये.

ताटातला घास

एक अडचण घरातूनच येते. सर्वांनी ठरवलेले असते की जेवताना काही द्यायचे नाही. पण आजी मधूनच एक घास टाकतात. 'कधीतरीच तर दिला' असे वाटते. परंतु बी. एफ. स्किनर यांच्या कामातून दिसले की कधी मिळणारे, कधी न मिळणारे बक्षीस सवय अधिक चिवट बनवते. असे बक्षीस बंद केल्यावर प्राणी आधी जास्तच हट्ट करतो. त्या क्षणी आपण नमलो, तर अधिक मोठा हट्ट पक्का होतो. हाच नियम आपल्या बाजूनेही वापरता येतो : हाक पक्की झाली की खाऊ दर वेळी न देता अधूनमधून द्यावा.

काही पिल्ले मुळातच अधिक खादाड असतात. लॅब्राडोर जातीच्या कुत्र्यांत पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळतो, आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले. म्हणजे हावरटपणा हा पिल्लाचा गुन्हा नाही. अशा पिल्लाला शिकवणे उलट सोपे. फक्त खाऊ रोजच्या जेवणातून वजा करावा.

वर्गासाठी प्रयोग

ज्या विद्यार्थ्याच्या घरी पिल्लू आहे, त्याने रोज पाच मिनिटांच्या फेरीत दोरी किती वेळा ताणली हे मोजावे. पहिले तीन दिवस काहीही न बदलता नोंद करावी. पुढचे दहा दिवस वरील पद्धत वापरावी. मग दिवस आणि ताणांची संख्या यांचा आलेख काढावा. तो सरळ उतरणार नाही, मध्येच चढेल. त्या दिवशी काय वेगळे घडले, हे शोधणे हाच खरा अभ्यास.

बहुतेक वेळा उत्तर पिल्लाच्या वागण्यात सापडणार नाही. दोरी धरणाऱ्याच्या वागण्यात सापडेल. वर्गात रोज उभे राहणाऱ्या आपल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.