सद्‌भावनेकडून नियमावलीकडे : रोगी कल्याण समितीचा बोध

लोकोपयोगी कार्याचा आरंभ बहुधा परस्परविश्वासातून होतो. चार माणसे एकत्र येतात, वर्गणी जमते, काम उभे राहते. मात्र व्याप वाढला आणि माणसे बदलली की तीन प्रश्न पुढे येतात : निर्णय कोणाचा, हिशेब कोणाकडे आणि उत्तरदायी कोण? त्यांच्या उत्तरातूनच औपचारिक व्यवस्था जन्मास येते. या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण आपल्या इंदूर नगरीतच घडले आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्भवली आणि इंदूरकरांचे लक्ष महाराजा यशवंतराव रुग्णालयातील उंदरांकडे वेधले गेले. तत्कालीन जिल्हाधिकारी श्री. एस. आर. मोहंती यांच्या पुढाकाराने रुग्णांना अन्यत्र हलवून इमारत रिकामी करण्यात आली. हजारो उंदीर मारले गेले, स्वच्छता व दुरुस्ती झाली. शासनासोबत नागरिकही साहाय्यास धावले.

परंतु स्वच्छता टिकविण्यास रोज पैसा लागतो आणि संकटकाळातील उत्साह रोज टिकत नाही. त्या काळी रुग्णालयात जमा होणारे शुल्क शासकीय कोषागारात जात असे. स्थानिक गरजेसाठी ते हाती राहत नसे. या अडचणीतून रोगी कल्याण समिती ही नोंदणीकृत संस्था आकारास आली. तिला साधारण सभा व कार्यकारिणी लाभली. लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर व नागरिक यांना तीत स्थान मिळाले. शुल्क व देणग्या समितीच्या खात्यात जमा होऊन तेथेच खर्च होऊ लागल्या. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना शुल्कातून सूट मिळाली. १९९५ पासून हा प्रयोग मध्य प्रदेशात पसरला आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तो देशभर नेला. महाराष्ट्रात तिलाच ‘रुग्ण कल्याण समिती’ म्हणतात.

नोंदणीमुळे कार्यास स्थैर्य, अधिकार आणि लेखापरीक्षण लाभते. मात्र सर्वत्र एकच नमुना लागू झाला की बैठक हा उपचार ठरण्याचा धोका असतो. ‘हे काम आमचे आहे’ ही नागरिकांची भावना ओसरते आणि ‘समिती पाहून घेईल’ ही वृत्ती बळावते.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस याच रुग्णालयात अतिदक्षता विभागातील दोन नवजात बालकांना उंदरांनी चावे घेतले. पुढे ती दोन्ही बालके दगावली. मृत्यूच्या कारणाविषयी मतभेद झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ज्या उंदरांमुळे समिती जन्मास आली, तेच एकतीस वर्षांनी नवजात शिशूंच्या पाळण्यापर्यंत पोहोचले, ही गोष्ट बालरोगतज्ज्ञास अस्वस्थ करणारी आहे.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. नियमावली विश्वासाला आधार देते; त्याची जागा घेऊ शकत नाही. समितीच्या बैठका नियमित व्हाव्यात, जमाखर्च दर्शनी फलकावर लावला जावा, आणि नागरिक प्रतिनिधीने वॉर्डात स्वतः फेरी मारावी. आपल्यासारख्या वैद्यक संस्थांनीही देणगी देऊन न थांबता, आपला एक जाणकार सदस्य अशा समितीच्या कामाकडे सातत्याने लक्ष ठेवील अशी योजना करावी. कागदावरील समितीला जागृत ठेवण्याचे काम अखेर आपणा सर्वांचेच आहे.