चार सुरांच्या आठ तारा

मेंडोलिनला तारा आठ, पण सूर चारच. दोन-दोन तारांच्या चार जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुराला लावतात. जाड तारेपासून बारीक तारेकडे निघालं, तर प्रत्येक जोडी तिच्या आधीच्या जोडीचा पंचम असते. कंपनं मोजली, तर सेकंदाला १९६, २९४, ४४० आणि ६५९. व्हायोलिनच्या चार तारा याच सुरांना लागतात. म्हणून व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या हाती मेंडोलिन दिलं, तर डावा हात जवळजवळ आपोआप चालू लागतो. शिकायचं उरतं ते उजव्या हाताचं.

एकच सूर हवा तर दोन तारा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. एक तार ४४० कंपनांवर आहे आणि तिची जोडीदार ४४१ वर सरकली आहे असं समजा. दोन्ही एकदम छेडल्या की सेकंदाला एक असा हेलकावा ऐकू येतो, आवाज फुगतो आणि ओसरतो. हातानं लावलेल्या दोन तारा काट्यावर मोजून सारख्या कधीच नसतात, त्यांच्यात केसभर फरक राहतो. मेंडोलिनची ती चमचमती झिलई या केसभर फरकातून येते. फरक वाढला की त्याच झिलईचा खडखडाट होतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

अडचण आहे ती तारेच्या लांबीची. मेंडोलिनची वाजती तार जेमतेम ३५ सेंटिमीटर असते, त्यामुळे सूर लगेच विझतो. सतारीसारखी आस मिळत नाही. यावर नेपल्सच्या वादकांनी तोड काढली, ती म्हणजे नखी वर-खाली इतक्या झपाट्यानं चालवायची की ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटावा. हिंदी सिनेमातल्या विरहाच्या, चांदण्याच्या, नावेच्या गाण्यांत मागे थरथरत राहतो, तो हाच आवाज.

आमच्या चंदगड तालुक्यात हा आवाज वाद्यातून कमी आणि रेडिओतून जास्त आला. इथली वाद्यं म्हणजे भजनाची पेटी, मृदंग, टाळ आणि लग्ना-मिरवणुकीतला बेंजो. बेंजोवरच्या टाइपरायटरसारख्या कळा जपानहून आल्या. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवलेलं 'ताइशोगोतो' हे त्याचं मूळ. पण बेंजो आणि मेंडोलिन यांच्यात तारा सोडल्या तर नात्याचं फारसं काही नाही. गोव्याच्या बाजूला मात्र मेंडोलिन पोर्तुगिजांच्या काळापासून ओळखीचं आहे. तिथं त्याला 'बांदोलीं' म्हणतात. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत शिरले. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं मोठं नाव. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचं नाव अजरामर झालं.

प्यारेलालांचे जोडीदार मेंडोलिनवाले. लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर, जन्म ३ नोव्हेंबर १९३७. आडनावातलं कुडाळ आमच्या चंदगडहून घाट उतरला की खाली. वडील लवकर गेले, घरात चणचण होती आणि मुलाच्या हाती मेंडोलिन आलं. दहाएक वर्षांचा असताना कुलाब्याच्या रेडिओ क्लबमध्ये लता मंगेशकरांच्या कार्यक्रमात तो वाजवायला बसला, त्याचं वाजवणं लताबाईंच्या कानात भरलं आणि त्यातून पुढची दारं उघडली, ही हकीकत जाणकार रसिकांना पाठ आहे. १९६३ च्या 'पारसमणी'पासून ही जोडी संगीतकार म्हणून पडद्यावर आली.

सज्जाद हुसेन यांचा उल्लेख टाळला तर लेख अपुरा राहील. १९५२ च्या 'संगदिल'चे हे संगीतकार मेंडोलिनवर चक्क राग वाजवत. पडदे असलेल्या, जोडतारांच्या, आस नसलेल्या वाद्यातून मींड काढणं म्हणजे काय, हे सतारियालाच विचारा. सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात, त्यावर तार आडवी ओढता येते. मेंडोलिनमध्ये पडदा पट्टीला चिकटलेला आणि तार दोन पदरी. आंध्रातल्या पालकोल्लूचे यू. श्रीनिवास यांनी यावर सरळ उपाय केला. जोड्या काढून टाकल्या, एकेरी तारा लावल्या, पुढे पाचवी तारही वाढवली आणि वाद्य विजेवर नेलं. गमकं मोकळी झाली, झिलई गेली. कर्नाटक संगीतात हा सौदा फायद्याचा ठरला. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी ते गेले.

आता मुद्द्याचं. शिकाऊ मेंडोलिन घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की 'आता चांगलं घ्यावं' अशी हुक्की प्रत्येकाला येते. आपल्याकडे काही हजारांत मिळणारं मेंडोलिन बहुधा प्लायवुडचं असतं. मधल्या भावाचं म्हणजे परदेशी बाजारात साधारण ५०० ते १००० डॉलरचं वाद्य, आणि ते मागवायचं तर जकात-वाहतूक वेगळी. हा पैसा कशात जातो, हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

नेपल्सचं जुनं मेंडोलिन पाठीनं गोल, अर्ध्या भोपळ्यासारखं. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या कलामाझू गावच्या ऑर्व्हिल गिब्सन यांनी पेटंट घेतलं, त्यात पाठ आणि वरची फळी व्हायोलिनसारखी कोरून काढली होती. पुढे गिब्सन कंपनीत लॉइड लोर यांनी १९२२ ते १९२४ या काळात 'एफ-५' हे मॉडेल घडवलं. आज मधल्या किमतीची बरीच मेंडोलिनं त्याच घाटाची नक्कल करतात. त्या वेळी नवं एफ-५ २५० डॉलरना मिळे. बिल मन्रो या अमेरिकी वादकाचं प्रसिद्ध एफ-५ तर त्यानं १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानातून १५० डॉलरना उचललं होतं. त्याच्या आतल्या चिठ्ठीवर लोरची सही आणि ९ जुलै १९२३ ही तारीख आहे.

सतारीची वरची पातळ फळी, म्हणजे तबली, हेच मेंडोलिनचंही फुप्फुस. ती अखंड स्प्रूसची असेल तर लाकडाचे उभे रेषेसारखे तंतू सलग थरथरतात. प्लायवुडमध्ये आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे आवाज भक्कम पण मिटलेला. ओळखायची खूण सोपी आहे. तबलीतल्या छिद्राच्या कडेला बॅटरी लावून पाहा. वरची रेष कडेवरून खाली उतरली तर फळी अखंड, कडेवर थर दिसले तर प्लाय. त्यातही काही फळ्या कोरलेल्या नसतात, वाफेनं दाबून वाकवलेल्या असतात. जाहिरातीत दोन्हीला 'सॉलिड' म्हणतात. 'कोरलेली आहे का' हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

घाट दोन. थेंबाच्या आकाराचा साधा 'ए' आणि खांद्यावर वेलांटी असलेला 'एफ'. त्या वेलांटीनं आवाजात मोलाची भर पडत नाही. ती कोरायला कारागिराचे तास लागतात आणि त्या तासांचे पैसे आपण देतो. ईस्टमन कंपनीची 'एमडी ३०५' आणि 'एमडी ३१५' ही मॉडेलं शेजारी ठेवून बघावीत. लाकूड तेच, छिद्रं तीच, दुसऱ्याला वेलांटी आणि म्हणून भाव चढा. केंटकीचं 'केएम-१५०' हेही साध्या घाटाचं, अखंड लाकडाचं वाद्य. वेलांटी मिरवायची असेल तर एफ घ्या, पण मग आवाज वाढला असं स्वतःला समजावू नका.

छिद्राचा फरक मात्र कानाला कळतो. 'एफ' अक्षरासारखी दोन छिद्रं असलेलं वाद्य टणक, पुढे येणारं वाजतं, दहा वाद्यांच्या गर्दीतही उठून दिसतं. लंबगोल छिद्राचं मऊ वाजतं आणि सूर जरा जास्त रेंगाळतो. एकट्यानं संध्याकाळी भावगीत वाजवणाऱ्याला दुसरं बरं पडेल, असं माझं मत.

पण कानावरही फार विसंबू नये. इंडियानापोलिसला २०१० मध्ये २१ व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी इटालियन, त्यांतली दोन स्ट्रॅडिव्हरीची. वादकांना जुनी कोणती ते सांगता आलं नाही आणि पसंती बहुतेक नव्यांकडे गेली. कोट्यवधींच्या वाद्यांची ही गत, तर पाऊण लाखाच्या मेंडोलिनचं काय घेऊन बसलात! दुकानात जाताना एखाद्या मित्राला सोबत न्यावं, आपण पाठ करून बसावं आणि त्याला एकाच नखीनं एकच धून प्रत्येक वाद्यावर वाजवायला सांगावी. आपलं जुनं वाद्यही त्या रांगेत ठेवावं, नव्या तारा चढवून. निम्म्या वेळा नवं मेंडोलिन नको असतं, तारांचा नवा संच हवा असतो.

आणि घोडी. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते. आठ तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ताण असतो, त्याच्या दाबानं ती तबलीवर उभी राहते. ती केसभर सरकली की वरच्या पडद्यांवरचे सूर बिघडतात. बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून येणारा सूर आणि तिथंच तार दाबून येणारा सूर एकच असायला हवा. तो नसेल तर घोडी हलवावी, पैसे खर्चू नयेत.

चंदगडकराला याहून एक काळजी जास्त. तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर, पाऊस कोकणासारखा. जुलैत भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. अखंड लाकडाला बरी हवा म्हणजे निम्म्याच्या आसपास आर्द्रता, साधारण ४५ ते ५५ टक्के. त्याहून ओल वाढली की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, तबली वर येते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि बोटं दुखू लागतात. प्लायवुड इथं गुणाचं, ते फारसं हलत नाही. म्हणून नवं आलं तरी शिकाऊ मेंडोलिन विकू नये. पावसाळ्याचे चार महिने तेच बाहेर ठेवावं, चांगलं वाद्य बंद पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह.

दुरुस्तीला कुठं जायचं? बेळगाव जवळ, कोल्हापूर लांब, पण लाकडाची जाण हवी तर मिरज. तिथल्या सतारमेकर गल्लीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्यं घडतात. मुळात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा मंगळवेढ्याच्या बाजूचा, लाकूड तूनचं. मेंडोलिन त्यांचं रोजचं काम नव्हे, पण घोडी घासणं, खाच खोल करणं, तबलीची भेग भरणं ही कामं तंतुवाद्यवाल्याच्या हातातलीच.

एक विनंती. स्वतः तारा बदलणार असाल तर आठही एकदम उतरवू नका. एक काढा, तिच्या जागी नवी चढवा, सुरात आणा, मगच पुढची. सगळ्या एकदम उतरवल्या की घोडी हातात येते आणि ती नेमकी कुठं होती हे कुणालाच आठवत नाही.