हवेच्या ओढीवर चालणारे माप

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. त्यामुळे ते सिलिंडरपर्यंत नेऊन ओतले म्हणजे भागत नाही. डोळ्याचे पाते लवायच्या आत त्याचे तुषार आणि तुषारांची वाफ व्हावी लागते. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब फोडून दशांश मिलिमीटरचे थेंब केले, तर ते हजार होतात आणि हवेला भिडणारा एकूण पृष्ठभाग दहापट होतो. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या गाडीत पेट्रोलवरून हवा खेळवून वाफ मिळवत. पुढे १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी फवाऱ्याचा कार्बोरेटर घडवला.

त्याचे खरे कौतुक एवढ्यासाठी, की पेट्रोल ओढणे, फोडणे आणि मोजणे ही तिन्ही कामे तो दाबातल्या एकाच फरकावर करतो. पिस्टन खाली जाताना हवा आत खेचली जाते. वाटेतल्या आवळलेल्या भागात, म्हणजे व्हेंच्युरीत, तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचाच दाब असतो. मग पेट्रोल जेटमधून वर चढते आणि वेगवान हवा त्याच्या चिंधड्या उडवते. हवा जास्त, तर ओढही जास्त. श्रेय सगळे व्हेंच्युरीला मिळते, पण जेटवरच्या भोके पाडलेल्या नळीचा वाटाही मोठा आहे. ती पेट्रोलमध्ये आधीच हवेचे बुडबुडे मिसळते. त्यामुळे ते सहज फुटते. शिवाय वेग वाढला की मिश्रणात पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त होऊ लागते, त्यालाही लगाम बसतो. आयडलिंगला व्हेंच्युरीतली ओढ क्षीण असते, म्हणून थ्रॉटलच्या कडेशी पायलट जेटची वेगळी वाट ठेवतात.

कार्बोरेटरला फवारणी नीट जमत नव्हती म्हणून फ्युएल इंजेक्शन आले, असे सर्रास म्हणतात. थंड इंजिनापुरते त्यात तथ्य आहे. चोक ओढावा लागे तो त्यासाठीच. पण बजाजची पल्सर २२० ही २००७ मध्ये इंजेक्शनसह आली आणि २००९ मध्ये कार्बोरेटरवर परतली. किंमत उतरली, शक्ती किंचित वाढलीच. फवारणी इतकी कुचकामी असती तर हे घडले नसते.

कार्बोरेटर अडला तो मोजणीत. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. धुरातले तिन्ही प्रमुख विषारी घटक एकदम कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हे प्रमाण जवळजवळ अचूक लागते. घाट चढून हवा विरळ झाली की साधा कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतो, आणि धुरात किती ऑक्सिजन उरला हे त्याला कळायला मार्गच नाही. इंजेक्शनला ते सेन्सर सांगतो. रस्त्याकडेच्या मेकॅनिकला स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त करता येणारे यंत्र गेले, ही हळहळ खोटी नाही. तरी शहरांच्या हवेपुढे ती तोकडी पडते. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळपास नाहीसा झाला. तो निर्णय योग्यच होता.

पेट्रोलवरचे छोटे जनरेटर आणि पाण्याचे पंप अजून बहुतांशी कार्बोरेटरवरच चालतात. असे यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवायचे असेल तर फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाका. शिळ्या पेट्रोलचा चिकटा आधी पायलट जेटच बुजवतो.