माथ्यावर रांगा, घाटात शुकशुकाट

मराठी गिर्यारोहणाचा आढावा मागताना संपादकांच्या डोळ्यांसमोर एव्हरेस्ट असतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ते आधी उरकून घेतो. 1954 मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ सुरू झाली. याच संस्थेने 1988 मध्ये कांचनजंगावर मोहीम नेली आणि त्या मोहिमेत संजय बोरोले यांना गमावलं. 1998 च्या मे महिन्यात हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले आणि मराठी माणसाला हे जमतं, हा मुद्दा निकालात निघाला. मग 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ची पोरं एव्हरेस्टवर गेली. पुढे ल्होत्से, मकालू करत 2019 मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनजंगाच्या माथ्यावर पोचले. हे सगळं मोठंच आहे, आणि या मंडळींना माझा मनापासून नमस्कार. त्यानंतरचं किलिमांजारो आणि एल्ब्रूस मात्र मी सोडून देतो. 26 जानेवारीला तिथे झेंडा फडकवल्याचे फोटो पेपरात येतात, ज्यांना बघायचे त्यांनी बघावेत.

सुळक्यांचंही थोडक्यात सांगतो. जीवधनजवळची वानरलिंगी, तैलबैल्याच्या भिंती, नागफणी, लिंगाणा यांवर पहिल्या पिढीने मेखा ठोकल्या त्या आजच्या मानाने अगदीच फुटकळ सामानावर. पायात हंटर शूज, कमरेला नुसता दोर. ते धाडस होतं, यात वाद नाही. वाद आहे तो त्यातून बोकाळलेल्या ऐटीशी. एका संमेलनात व्यासपीठावरून एका नामवंत कडेचढ्याने घाटवाटांना ‘ओझ्याच्या गाढवांची चाल’ म्हटलं, आणि सभागृह हसलं. मी तेव्हाही हसलो नव्हतो. ज्या वाटेवरून बैलांचे तांडे गेले, सैन्यं उतरली, नवऱ्या मुली सासरी गेल्या, ती वाट समजायला सुळका चढण्याइतकीच अक्कल लागते, असं माझं मत होतं आणि आहे.

सह्याद्री ही चढून उतरायची शिखरांची रांग नाही, ती देश आणि कोकण यांच्यामधली भिंत आहे. तिच्यातून आरपार जाणं हाच इथला खरा डोंगरधर्म. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले. कठीण थराचा कडा झाला, मऊ थर झिजून त्याचा पदर झाला. बऱ्याच ठिकाणी थरांना उभी छेदणारी भित्तिखडकाची पट्टी आधी फुटली आणि तिथे नाळ पडली. जुन्या माणसांनी हे भूगर्भशास्त्र पायांनी वाचलं होतं. नाळेतून कड्याला भेद द्यायचा, पदरात आडवं जायचं, सोंडेवर यायचं आणि सोंडेवरून गावात उतरायचं. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की अनोळखी घाटमाथ्यावर उभं राहूनही वाट कुठून उतरत असेल, याचा नव्वद टक्के अंदाज बांधता येतो. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी गुराखी असतो, असायचा.

नाणेघाट सगळ्यांना माहीत आहे, पण पाहतात ती गुहा आणि रांजण. जकातीचा म्हणून तो रांजण दाखवतात. गुहेतला सातवाहनांचा ब्राह्मी लेख यज्ञांची आणि दानात दिलेल्या गायींची, हत्तींची, कार्षापणांची मोजदाद करतो. राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. दोन हजार वर्षांमागे एवढा खर्च परवडत होता तो या वाटेने चढणाऱ्या मालाच्या जिवावर. गुहा बघून गाडीकडे परतणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की वैशाखऱ्यापर्यंत उतरा. उंबरखिंडीचंही तसंच. 1661 मध्ये कारतलबखानाचं सैन्य महाराजांनी तिथे कोंडलं, हे शाळेत सगळे शिकतात. पण कुरवंड्याहून पायी उतरल्याशिवाय त्या खानाची चूक कळत नाही. उतरताना वाट सोपी वाटते आणि तळाशी रान दोन्ही बाजूंनी जवळ येतं. तोवर मागे फिरण्याची सोय संपलेली असते.

माझा जीव मात्र रायगडाच्या पूर्वेला, मोहरीच्या परिसरात. सिंगापूर नाळ, बोराट्याची नाळ, फडताड, आग्या, निसणी ही नावं नुसती म्हटली तरी पोटऱ्या भरून येतात. बोराट्याच्या नाळेत खोलीएवढे धोंडे एकमेकांत अडकून बसलेत. ते उतरून लिंगाण्याच्या खिंडीकडे जाणारी आडवी सुरू झाली की डाव्या-उजव्याचं भान ठेवावं लागतं. याच भागातल्या एका नाळेत, आम्ही बूड टेकून टेकून उतरत असताना, माथ्यावरच्या वाडीतली एक बाई वरून आली. अनवाणी, डोक्यावर कोंबड्यांची पाटी. धोंड्यावर पाय आडवा टाकायची, टाच आधी रुतवायची, आणि घसाऱ्यात न थांबता दोन-तीन पावलं झपाझप टाकून पुढच्या पक्क्या दगडावर जायची. पाटी हलत नव्हती. “सरा की बाबांनो,” एवढंच म्हणाली. लेक खाली कोकणात दिलेली, तिच्याकडे निघाली होती. उतरणीचं जे काही तंत्र मला येतं ते त्या पाच मिनिटांत पाहिलेलं आहे. नंतर शिबिरांत पोरांना तेच शिकवलं.

या वाटांची नोंद पुस्तकांत फार थोड्यांनी घेतली. गोनीदांनी गड दाखवले, हरीश कपाडियांच्या ‘ट्रेक द सह्याद्रीज’ने इंग्रजी वाचणाऱ्यांना डोंगरात आणलं. पण आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ला तोड नाही. पाठपिशवीत ओलं होऊन फुगलेलं ते पुस्तक ज्याच्याकडे नाही, तो आमच्या पिढीचा नव्हेच. अजूनही घाटवाटा धुंडाळणारे काही वेडे आहेत, पण त्यांची गणती गर्दीत होत नाही.

आता सगळे गर्दीवर बोलतात. हरिहरच्या पायऱ्यांवर, कलावंतिणीच्या वाटेवर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यामुळे ती आणखी वाढणार. उपाय म्हणून तिकीट लावा, दरवाजे बंद करा असं आमचे दुर्गप्रेमी मित्र सांगतात. मला त्या गर्दीचा राग येतोच, पण खरं मरण आहे ते घाटवाटांचं, आणि ते माणसं न आल्यामुळे. 1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये रेल्वे आली, तेव्हा व्यापाराचे पाय थांबले. उरले होते ते आठवडी बाजाराचे, लग्नकार्याचे, तांदूळ आणि सुकटीचे पाय. माथ्यावरच्या वाड्यांना डांबरी सडक आणि मोटारसायकल आल्यावर तेही थांबले. ते आलं हे चांगलंच झालं. बाळंतीण झोळीतून उतरवण्यात कसला आलाय सह्याद्री? पण वाटेला पाय लागले नाहीत की दोन-तीन पावसाळ्यांत कारवी ती गिळते, दरड येऊन नाळेचं तोंड बुजतं, आणि गावातली शेवटची जाणती माणसं गेली की पाण्याचं टाकं कुठे होतं हे सांगायलाही कोणी राहत नाही.

यावर नव्या मंडळींचं उत्तर तयार असतं: जीपीएक्स फाइल आहे ना. आहे. ती कोणा एकाने एका हिवाळ्यात, चुकत-माकत केलेल्या चालीची रेघ असते, आणि पुढचे पन्नास जण त्याच्या चुकांसकट तीच चालतात. मोबाइलकडे बघत जाणारा गट मळलेली ढोरवाट दहा पावलांवर सोडून कारवीत घुसतो, हे मी पाहिलं आहे. त्याहून वाईट म्हणजे रंगाचे बाण. नाळेतल्या धोंड्यांवर पांढरा ऑइलपेंट फासणाऱ्यांना सेवा केल्याचं समाधान मिळतं. पुढच्या पावसात धोंडा गडगडला की बाण दरीकडे वळतो.

आणि एसटीचं तर बोलायलाच नको. घाटवाट म्हणजे एका घाटाने उतरा, दुसऱ्याने चढा. त्यासाठी वरच्या गावात रात्री पोचवणारी मुक्कामी गाडी हवी. अशा कितीतरी गाड्या बंद झाल्या. स्वतःची गाडी नेली की ती ठेवली तिथेच परत यावं लागतं, म्हणून मग निम्म्या घाटातून मागे फिरणं आलं. तरुणांनी विचारलं तर मी सांगतो, केळदला गाडी लावा, मढेघाटाने कर्णवडीत उतरा, गावात चहा मागा, आणि उपांड्याने पुन्हा वर या. दिवसभराचं काम आहे. धबधब्याशी फोटो काढणारी झुंबड पहिल्या अर्ध्या तासात मागे पडते. उतरताना दगडी फरसबंदीचे तुकडे दिसतील ते तुडवत जा. उपांड्याची वाट कर्णवडीतल्या कुणालाही विचारा, मोबाइल खिशात राहू द्या.