रिपोर्ट निगेटिव्ह, पण नमुना थंड झालेला

पायांवर, विशेषतः घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, जांभळट-लाल ठिपके उठतात. बोट फिरवले तर उंचवटा लागतो आणि दाबले तरी रंग जात नाही, कारण रक्त वाहिनीतून बाहेर पडून त्वचेत साकळलेले असते. सोबत सांधे दुखतात, अंगात त्राण राहत नाही, तळपायांना मुंग्या येतात. काहींच्या लघवीत प्रथिने आणि रक्तपेशी उतरू लागतात. हेपॅटायटिस सीच्या विषाणूमुळे होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या दाहाचे हे चित्र. यकृताचा शत्रू म्हणून आपल्याला ठाऊक असलेला हा विषाणू वाहिन्यांना इजा करतो ती बहुतांशी आडवाटेने. वर्षानुवर्षे शरीरात ठाण मांडून तो प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना डिवचत राहतो. मग त्यातल्या काही पेशी शरीराच्याच आयजीजी प्रतिपिंडांना चिकटणारी आयजीएम प्रतिपिंडे बनवू लागतात. असे एकमेकांत गुंतलेले पुंजके बारीक वाहिन्यांच्या भिंतींत अडकतात आणि दाह पेटतो. या प्रथिनांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. त्यांचा शोध घेणारी रक्ततपासणी दिसायला अगदी साधी आहे आणि फसायलाही तितकीच सोपी. तिचा निकाल बरेचदा प्रयोगशाळेत लागतच नाही. सुई दंडातून निघाल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात तो ठरून गेलेला असतो.

37 अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाला, ही प्रथिने सीरममध्ये विरघळलेली असतात. थंडावा मिळाला की थिजतात, ऊब दिली की पुन्हा विरघळतात. तपासणी याच गुणावर बेतलेली आहे. आधीच कोमट केलेल्या साध्या नळीत रक्त घ्यायचे, गुठळी होईपर्यंत ते 37 अंशांवरच ठेवायचे, सेंट्रिफ्यूजही उबदार ठेवूनच फिरवायचा आणि वेगळे झालेले सीरम 4 अंशांना ठेवून द्यायचे. काही नमुन्यांत दुसऱ्याच दिवशी तळाशी पांढरट साका दिसतो, काहींत त्याला आठवडा लागतो. म्हणून सात दिवस वाट पाहण्याचा नियम. आता सीरम वेगळे होण्याआधीच नमुना थंड झाला तर काय होईल? प्रथिने तिथेच थिजतील आणि गुठळीबरोबर तळाला जाऊन टाकून दिली जातील. वर उरलेले नितळ सीरम सात दिवस काय, महिनाभर थंडीत ठेवले तरी साका धरणार नाही. डिसेंबरातल्या पहाटे खोबरेल तेलाची बाटली उलटी धरावी, थेंबही पडला नाही म्हणून ती रिकामी ठरवावी, तसा हा निगेटिव्ह रिपोर्ट. बाटलीत तेल असते, फक्त ते थिजलेले असते.

आपल्याकडे हा धोका का वाढतो, हे घरी येऊन रक्त नेणाऱ्यांची पेटी पाहिली की कळते. तिच्यात बर्फाचे जेलपॅक असतात आणि ते योग्यच आहे, कारण बहुतेक तपासण्यांसाठी नमुना थंड राहिलेला बरा. क्रायोग्लोब्युलिनसाठी मात्र तीच काळजी घातक. ‘मुंबई-नागपूरच्या उकाड्यात नमुना कसला थंड होतोय’ असे कुणाला वाटेल, पण 30 अंशांची खोलीसुद्धा शरीरापेक्षा सात अंशांनी थंड आणि वातानुकूलित कलेक्शन सेंटर तर त्याहून बरेच थंड. शिवाय मिश्र प्रकारच्या, म्हणजे आयजीएम आणि आयजीजी एकमेकांत गुंतलेल्या क्रायोग्लोब्युलिनचा साका मुळात थोडा. बहुधा सीरमच्या पाच टक्क्यांच्या आत, कधी एक टक्क्याहूनही कमी. त्यातला काही भाग वाटेत गमावला तर हाती काही उरतच नाही. युरोपातल्या प्रयोगशाळांची पाहणी झाली तेव्हा तिथेही अनेक ठिकाणी नळी कोमट करण्यापासून सेंट्रिफ्यूजपर्यंतची साखळी पुरती पाळली जात नसल्याचे दिसले. तेव्हा हा केवळ आपल्या साधनांच्या तुटवड्याचा प्रश्न नाही.

या साक्याची नोंद प्रथम झाली ती 1933 मध्ये, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. मॅक्सवेल विन्ट्रोब आणि बुएल हे मल्टिपल मायलोमाच्या एका रुग्णाचे रक्त तपासत होते आणि थंड झाल्यावर त्याच्या सीरममध्ये प्रथिनांचा साका बसत असल्याचे त्यांना आढळले. विन्ट्रोब म्हणजे हिमॅटोक्रिट, अर्थात रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, मोजण्याची खुणांची अरुंद नळी 1929 मध्ये देणारे शास्त्रज्ञ. पुढे क्रायोग्लोब्युलिनच्या साक्याचे प्रमाण, म्हणजे ‘क्रायोक्रिट’, मोजायलाही त्यांचीच नळी वापरात आली, हा योग मला फार विलोभनीय वाटतो. 1947 मध्ये लर्नर आणि वॉटसन यांनी या प्रथिनांना आजचे नाव दिले. 1966 मध्ये मेल्टझर आणि फ्रँकलिन यांनी ठिपके, सांधेदुखी आणि अशक्तपणा या त्रयीशी त्यांचा संबंध जोडला. कारण मात्र सापडेना. 1977 मध्ये संशय हेपॅटायटिस बीवर गेला. तो काही रुग्णांपुरताच खरा ठरला. 1989 मध्ये हेपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला आणि 1992 मध्ये अ‍ॅग्नेलो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या विषाणूचा आरएनए सीरमपेक्षा थिजलेल्या साक्यातच कितीतरी पटींनी एकवटलेला असतो. आज मिश्र क्रायोग्लोब्युलिनच्या दाहाच्या बहुसंख्य रुग्णांत मूळ कारण म्हणून हाच विषाणू सापडतो. ज्या साक्याने हा उलगडा केला, तोच आपण गुठळीबरोबर फेकून देतो, याची खंत वाटते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. विषाणूची तपासणी सोपी आहे, राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात 2018 पासून ती आणि औषधेही मोफत मिळतात, साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी दहांतले नऊहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. मग या किचकट तपासणीचा आग्रह कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. असे ठिपके दिसले की हेपॅटायटिस सीची तपासणी झालीच पाहिजे. पण तेवढ्याने निदान होत नाही. या विषाणूची दीर्घकाळ लागण असलेल्या जवळपास निम्म्या लोकांत क्रायोग्लोब्युलिन सापडते आणि त्यातल्या थोड्यांनाच प्रत्यक्ष दाह होतो. म्हणजे विषाणू, साका, लक्षणे आणि लघवीची तपासणी ही सगळी एकत्र ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो. शिवाय विषाणू गेला तरी बिघडलेल्या बी-पेशी काही रुग्णांत टिकून राहतात, प्रतिपिंडे बनवत राहतात, आणि मूत्रपिंड धोक्यात असेल तर बी-पेशींवर मारा करणारे रिटुक्सिमॅबसारखे औषध द्यायचे की नाही हा प्रश्न उभा राहतो. तिथे विषाणूचा निगेटिव्ह रिपोर्ट पुरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कुतूहलाचा. शरीर कधी 4 अंशांपर्यंत थंड होत नाही, मग त्या तापमानाला दिसणाऱ्या साक्याचा आजाराशी काय संबंध? मिश्र प्रकारात वाहिन्या केवळ थंडीमुळे तुंबत नाहीत. शरीराच्या अगदी आतल्या, उबदार मूत्रपिंडातही हा दाह होतोच. 4 अंश ही पुंजके डोळ्यांना दिसावेत म्हणून वापरलेली युक्ती आहे, त्यांच्या उपद्रवाची अट नव्हे. म्हणूनच साका किती जाड यावरून आजार किती तीव्र हे सांगता येत नाही. आणि म्हणूनच, साका हुकला तरी रक्तात इतर खुणा उरतात. सी-4 हे पूरक प्रथिन बरेच घटलेले असते, सी-3 मात्र जवळजवळ जागेवर. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह येतो, कारण दोषी आयजीएम स्वतःच तो फॅक्टर असते. इथे आणखी एक चकवा आहे. सांधे दुखताहेत आणि फॅक्टर पॉझिटिव्ह आहे, एवढ्यावरून रुग्णाला आमवाताचा शिक्का बसू शकतो आणि यकृताकडे, विषाणूकडे कुणाचे लक्षच जात नाही.

नमुना उबदार ठेवण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. कोमट पाण्याचा थर्मास, 37 अंशांवर लावलेला इनक्युबेटर, उबदार ठेवलेला सेंट्रिफ्यूज आणि नमुना कसा हाताळायचा हे शिकवलेला तंत्रज्ञ, एवढे पुरते. रिपोर्टवर नमुना कोणत्या तापमानाला आणला आणि सीरम किती दिवस ठेवले या दोन नोंदी छापल्या, तर डॉक्टरांना त्या निगेटिव्हवर किती विसंबायचे ते ठरवता येईल. त्या नोंदी नसतील, सी-4 घटलेले असेल आणि पायांवर ठिपके असतील, तर तपासणी पुन्हा करावी आणि या खेपेला रक्त घरी न घेता रुग्णाला प्रयोगशाळेतच बोलवावे.